शिर सलामत तो पगडी पचास?

मेंदूतली गाठ सापडली, ऑपरेशन झालं, आता सहा आठवडे रेडिएशन घ्यायचंय. अशा माणसानं केसांचा विषय काढला की त्याला दोनपैकी एक उत्तर मिळतं. नातेवाईक म्हणतात, "जीव वाचतोय ते बघ, केसांचं काय घेऊन बसलास?" आणि ओपीडीत कुणीतरी घाईघाईत म्हणतं, "येतात हो परत." दोन्ही उत्तरं मायेपोटी दिलेली असतात, म्हणून त्यांना कुणी उलटून विचारत नाही. विचारायला हवं. पहिल्या उत्तरात एक खोटी निवड दडलेली आहे: केस राखायचे तर जीव पणाला लावावा लागेल, अशी. दुसऱ्यात उसनी माहिती आहे. केमोथेरपीच्या बाबतीत जे बव्हंशी खरं, ते रेडिएशनच्या गळ्यात बांधलेलं.

माझं म्हणणं असं. ब्रेन ट्यूमरच्या रुग्णाचे रेडिएशननं जाणारे केस हा मुळात डोसचा प्रश्न आहे: किरण किती, कुठून शिरले आणि त्वचेखाली कुठल्या खोलीवर किती पोचले. त्यामुळे तो मोजता येतो, रुग्णाला आधी सांगता येतो आणि काही रुग्णांत कमीही करता येतो. मोजता येण्यासारखी हानी आपण मोजत नाही आणि वर तिला किरकोळ म्हणतो, तेव्हा ते 'किरकोळ' वैद्यकशास्त्रातून आलेलं नसतं. रुग्णाच्या वतीनं दुसऱ्यांनीच ते परस्पर ठरवलेलं असतं. डोक्यावरच्या केसांबद्दल असं परस्पर ठरवण्याचा पुण्याला जुना इतिहास आहे; त्याकडेही येऊ.

१. जातात ते केस कुठले?

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यांतले ८५ ते ९० टक्के कोणत्याही वेळी वाढीच्या अवस्थेत असतात. वाढणाऱ्या केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी शरीरातल्या सर्वांत भरभर विभागणाऱ्या पेशींपैकी आहेत. किरणांचा घाव बसतो डीएनएवर, आणि विभागायला निघालेली पेशी त्या घावानं लवकर कोलमडते. गाठीच्या बाबतीत आपल्याला हेच हवं असतं. केसांच्या मुळांना मात्र त्याची झळ लागते. उपचार सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, म्हणजे दहाव्या ते पंधराव्या शेकाच्या सुमारास, उशीच्या अभ्र्यावर आणि कंगव्यात पुंजके दिसू लागतात.

केमोचं औषध रक्तातून अंगभर फिरतं, म्हणून काही औषधांनी भुवया-पापण्यांसकट सगळे केस जातात. किरण सरळ रेषेत जातात. ज्या वाटेनं ते डोक्यात शिरतात आणि ज्या वाटेनं पलीकडे बाहेर पडतात, तेवढ्याच जागेवरचे केस जातात. त्यामुळे चट्टा गाठीच्या वरच पडेल असं नाही. गाठ डाव्या कानामागे आणि केस गेले उजव्या कपाळाच्या वर, असंही होतं. आणि कुणी आधी सांगितलं नसेल तर गाठ पसरली, हाच विचार मनात पहिला येतो. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या आक्रमक गाठीत रेडिएशनबरोबर टेमोझोलोमाइड या केमो-औषधाच्या कॅप्सूल देतात. त्यांनी पूर्ण टक्कल सहसा पडत नाही, पण घरचे सगळा दोष त्या बिचाऱ्या कॅप्सूललाच देतात.

आता खोलीचा मुद्दा, कारण खरी मेख तिथे आहे. टाळूवरच्या केसाचं मूळ त्वचेखाली साधारण चार-पाच मिलिमीटरवर असतं. जास्त ऊर्जेच्या किरणांचा पूर्ण जोर पृष्ठभागावर पडत नाही, थोडं आत गेल्यावर पडतो. कोबाल्ट-६० च्या यंत्रात सर्वाधिक डोस त्वचेखाली सुमारे अर्ध्या सेंटिमीटरवर येतो, म्हणजे नेमका केसाच्या मुळावर. ६ एमव्हीच्या लिनॅक या नव्या यंत्रात तो सुमारे दीड सेंटिमीटरवर जातो, आणि मूळ बरंचसं सुटतं. सुटका पुरी होत नाही. डोकं गोल असल्यानं किरण काही ठिकाणी त्वचेला घासून तिरपे जातात आणि तिथे डोस पृष्ठभागाकडे सरकतो. भरीला त्वचेला चिकटून बसलेला मुखवटा असतो. तोही डोस थोडा वर ओढतो.

या मुखवट्याबद्दल सांगायला हवं. प्लॅस्टिकची एक जाळीदार शीट गरम पाण्यात मऊ करतात, निथळून चेहऱ्यावर ताणून बसवतात आणि तिच्या कडा टेबलाला अडकवतात. काही मिनिटांत ती गार होऊन कडक होते. नाक, हनुवटी, भुवयांचा उंचवटा सगळं तिच्यात उमटतं. पुढचे तीस शेक डोकं जागचं हलू नये म्हणून हीच शीट रोज चढवायची. दाट केस जाळीखाली दबतात, भोकांतून वर येतात, आणि ते गळाले की मुखवटा सैल पडू शकतो. म्हणून केस बारीक करायचे असतील तर मुखवट्याच्या आधी करायचे. गोष्ट साधी आहे. पण सीटी कधी, रक्ततपासणी कधी हे सगळं लिहून देणाऱ्या कागदावर न्हाव्याकडे कधी जायचं ते सहसा नसतं.

यंत्र जितकं नवं तितके केस सुरक्षित, हा समजही सरसकट खरा नाही. आयएमआरटी आणि व्हीमॅट या पद्धतींत किरण अनेक दिशांनी देतात, त्यामुळे कायमचं टक्कल पडण्याइतका डोस एका जागी साचण्याचा धोका कमी होतो. पण तात्पुरती विरळ होणारी जागा वाढते. प्रोटॉन गाठीपलीकडच्या मेंदूला वाचवतात, आणि टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या ॲक्ट्रेक केंद्रात ती सोय आता आली आहे. पण शिरतानाच्या त्वचेला प्रोटॉन एक्स-रेइतकी सवलत देत नाहीत. सर्वांत महागड्या यंत्रानं केस तरी वाचतील, या आशेवर कर्ज काढायला निघालेल्या कुटुंबाला हे कुणीतरी सांगायला हवं.

२. 'येतात परत': कुणाचे, आणि कधी?

सर्वांत मोठा घोळ इथे आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २६ रुग्णांच्या डोक्यावरची टकलाची जागा आणि तिथल्या मुळांना मिळालेला डोस ताडून पाहिला होता. मुळांना सुमारे ४३ ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं एकक) डोस गेला की कायमच्या टकलाची शक्यता पन्नास टक्क्यांवर पोचते, असं त्यात निघालं. २०२० मधल्या दुसऱ्या एका अभ्यासानं ठळकपणे दिसणाऱ्या टकलासाठी हा आकडा सुमारे ३६ ग्रेपर्यंत खाली आणला. आता उपचारांचे आकडे शेजारी मांडा. कमी आक्रमक ग्लायोमात साधारण ५४ ग्रे, १.८ ग्रेच्या ३० हप्त्यांत. ग्लायोब्लास्टोमात ६० ग्रे, २ ग्रेच्या ३० हप्त्यांत. दुसरीकडचा कॅन्सर मेंदूत पसरला असेल आणि पूर्ण मेंदूला शेक द्यायचा असेल तर बहुधा ३० ग्रे, १० हप्त्यांत.

गाठीचा डोस आणि टाळूचा डोस एक नव्हे, हे खरं. पण त्यातूनच मुद्दा निघतो. समजा दोन रुग्णांना अगदी सारखे ६० ग्रे मिळाले. एकाची गाठ मेंदूच्या मध्यात, थॅलॅमसजवळ. दुसऱ्याची कवटीला चिकटून, अगदी वरच्या अंगाला. पहिल्याच्या टाळूवर डोस अनेक वाटांनी विखुरतो, आणि त्याचे केस तीन ते सहा महिन्यांत बहुधा परततात, कधी पोत किंवा रंग बदलून. दुसऱ्याच्या गाठीवरचीच टाळू जवळजवळ पूर्ण डोसाच्या पट्ट्यात सापडते. तिथले केस न येण्याची शक्यता मोठी. 'येतात परत' हे वाक्य पहिल्याला दिलासा देतं आणि दुसऱ्याची फसवणूक करतं. सांगणाऱ्याला यातला कोण समोर बसलाय हे कळायला काय लागतं? कॉम्प्युटरवर त्याचा प्लॅन उघडायचा, बस. डोळे, दृष्टीच्या नसा, मेंदूचा देठ, कानाचा आतला भाग हे सगळं त्यात सीटीच्या एकेका चकतीवर आखलेलं असतं आणि प्रत्येकाला किती डोस जाणार याचा आलेख निघतो. टाळूचाही तसाच काढता येतो. ती बऱ्याचदा आखलेलीच नसते, एवढंच.

दुसरी बाजू काळाची. ग्लायोब्लास्टोमाच्या उपचाराची आजची पद्धत ज्या अभ्यासावर उभी आहे, त्या २००५ च्या अभ्यासात रेडिएशन अधिक टेमोझोलोमाइड घेतलेल्या रुग्णांचं मध्यम आयुर्मान १४.६ महिने होतं. नुसत्या रेडिएशनवर १२.१. आता हिशेब करा. दीड महिना शेक, त्यातल्या तिसऱ्या आठवड्यापासून केस जाणार, आणि संपल्यावर परतायला तीन ते सहा महिने. निम्म्या रुग्णांना उरलेल्या आयुष्याचा फार मोठा वाटा चट्टे पडलेल्या डोक्यानं काढावा लागतो. त्यांना 'थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे' म्हणणाऱ्यानं दिवस मोजलेले नसतात.

ब्रिटनमधल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'क्वार्ट्झ' या अभ्यासानं तर याहून कठोर गोष्ट दाखवली. फुप्फुसाचा कॅन्सर मेंदूत पसरलेले आणि शस्त्रक्रिया करता येणार नाही असे ५३८ रुग्ण होते. पूर्ण मेंदूला शेक दिलेले सुमारे ९ आठवडे जगले, नुसती औषधं आणि शुश्रूषा मिळालेले साडेआठ. आयुष्याच्या दर्ज्यातही मोठा फरक निघाला नाही. केस गेले ते शेक घेतलेल्यांचे. अशा रुग्णाच्या बाबतीत केस गमावणं हा अटळ उपचाराचा किरकोळ परिणाम म्हणता येत नाही. उपचार घ्यावा की नाही याच निर्णयातला तो एक घटक ठरतो.

दुसऱ्या टोकाला लहान मुलं आहेत. मेड्युलोब्लास्टोमा ही मेंदूची गाठ झालेल्या मुलाला आधी डोकं आणि मणका मिळून शेक देतात आणि मग डोक्याच्या मागच्या भागाला जादा डोस देऊन तिथे तो साधारण ५४ ग्रेपर्यंत नेतात. जोडीला केमो. यांतली बरीच मुलं बरी होतात आणि पुढे पन्नास-साठ वर्षं जगायची असतात. शाळेत मागच्या बाकावरच्या मुलाला रोज जे दिसतं तेच नेमकं विरळ राहतं. म्हणजे आयुष्य थोडं उरलेलं असो की भरपूर, दोन्हीकडे हिशेब केसांना किरकोळ ठरू देत नाही. मधल्या काही रुग्णांना हा शब्द कदाचित लागू होईल. पण ते त्यांनी म्हणावं.

३. ज्या काळात केसांचा डोस चोख मोजत होते

क्ष-किरणांचा शोध नोव्हेंबर १८९५ चा. १८९६ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात एका मुलाच्या डोक्यात अडकलेली गोळी शोधायची होती, म्हणून जॉन डॅनियल यांनी आधी तिथले डीन विल्यम डडली यांच्या डोक्यावर प्रयोग केला. किरण तासभर दिले. एकवीस दिवसांनी डडलींच्या डोक्यावर दोन इंचांचा गुळगुळीत चट्टा पडला. हे किरण नुसतं चित्र काढत नाहीत, शरीराला काहीतरी करतात, हे जगाला अगदी सुरुवातीला कळलं ते केसांवरून. त्याच वर्षी व्हिएन्नात लिओपोल्ड फ्रॉइंड यांनी एका मुलीच्या पाठीवरचा केसाळ डाग घालवायला हेच किरण वापरले.

पुढे डोक्यावरच्या गजकर्णासाठी मुलांचे केस किरणांनी घालवायची पद्धत निघाली. पॅरिसमध्ये सबूरो यांनी ती १९०४ च्या सुमारास बसवली आणि १९०९ मध्ये ॲडमसन यांनी डोक्यावर पाच ठिकाणांहून किरण द्यायची रीत घालून दिली. केस तीन आठवड्यांनी सगळे गळावेत आणि काही महिन्यांनी सगळे परत यावेत, असा डोस. जरा जास्त झाला तर कायमचं टक्कल, कमी झाला तर उपचार वाया. कॉम्प्युटर नाही, सीटी नाही, तरी केसाच्या मुळाचा हिशेब इतका चोख, कारण केस हेच तेव्हा लक्ष्य होतं. आज हवा तो आलेख क्षणात काढणारी यंत्रणा हाताशी असून तो हिशेब होत नाही, कारण केस आता वाटेत आलेले आहेत.

या इतिहासाचा शेवट भयंकर आहे. इस्रायलमध्ये स्थलांतरित कुटुंबांतल्या हजारो मुलांना १९४८ ते १९६० या काळात गजकर्णासाठी असा शेक दिला गेला. त्यांतल्या सुमारे १०,८०० जणांचा पुढे दीर्घ मागोवा घेतला गेला, तेव्हा त्यांच्यात मेनिन्जिओमा या मेंदूच्या आवरणातल्या गाठीचं प्रमाण सुमारे साडेनऊ पट आढळलं. १९९४ मध्ये तिथल्या संसदेला नुकसानभरपाईचा कायदा करावा लागला. केसांना वरवरची गोष्ट समजून डॉक्टरांनी जे किरण सोडले, ते केसांपाशी थांबले नव्हते.

४. पुण्यात बोडकं डोकं गप्प बसत नाही

मेंदूतली गाठ बाहेरून दिसत नाही. ऑपरेशनची खूण केसांत झाकता येते. रुग्णानं कुणाला सांगायचं, किती सांगायचं हे त्याच्या हातात असतं. तिसऱ्या आठवड्यात केस गळायला लागले की ते हातातून जातं. इथून पुढे त्याचा आजार त्याच्या परवानगीवाचून बोलू लागतो. या नुकसानाला 'सौंदर्य' हे नाव देणं म्हणजे प्रश्नच न समजणं.

आपल्याकडे डोक्यावरून लगेच अर्थ लावला जातो. पुरुषाचं डोकं अचानक तुळतुळीत दिसलं, मिशीही नसली, तर पुण्यात काय आणि साताऱ्यात काय, पहिला प्रश्न दबक्या आवाजात येतो: "कोण गेलं?" त्यावर "कुणी नाही, माझंच डोक्याचं रेडिएशन चालू आहे" असं सांगून पाहा. समोरचा माणूस तुमच्याशी हळू आणि मोठ्यानं बोलायला लागतो, लहान मुलाशी बोलावं तसा. कॅन्सर म्हटला की कणव येते. डोक्याचा आजार म्हटला की कणवेत शंका मिसळते. हा माणूस हिशेब नीट करील का, गाडी चालवील का, याला नोकरीत ठेवावं का. पुरुषांना टक्कल चालतं, असं म्हणतात. पन्नाशीत हळूहळू मागे सरकणारं टक्कल चालतं. कानामागे बोडका पट्टा आणि वर दाट केस, असलं डोकं कुणालाच चालत नाही.

बाईच्या बाबतीत तर या शहराला सगळं पाठ असायला हवं. विधवेचं केशवपन ही पुण्याच्या वाड्यांमधली गोष्ट. आगरकरांनी तिच्यावर लेखणी चालवली, हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' मध्ये यमूच्या तोंडून ती सांगितली. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं १८९० च्या सुमारास न्हाव्यांनीच हे काम करायचं नाही असं ठरवलं. या मंडळींना कुणी 'केसांचं काय एवढं?' असं म्हणालं नसेल असं नाही. पण ते केसांच्या शोभेसाठी भांडत नव्हते. बाईवर काय गुजरलंय ते तिच्या डोक्यावर लिहून गावाला दाखवायचं, आणि तिला त्यात विचारायचंही नाही, याला त्यांचा विरोध होता. रेडिएशन आणि केशवपन एक नाही. एकात क्रूरता होती, दुसऱ्यात उपचार आहे. पण बाईचं केस नसलेलं डोकं वाचायची जी नजर तेव्हा घडली ती पूर्ण मोडलेली नाही, आणि सासूबाईंच्या पिढीसमोर पदर डोक्यावर ओढून बसणाऱ्या रुग्णाला ती कळते.

पुण्याची एक गंमतही नोंदवतो. दुचाकीवर स्कार्फनं सगळं डोकं आणि तोंड गुंडाळून जाणाऱ्या मुली हे इथलं रोजचं दृश्य आहे. कर्वे रस्त्यावर रेडिएशन चालू असलेली मुलगी कुणालाच ओळखू येत नाही. अडचण ऑफिसच्या दारात सुरू होते, जिथे बाकीच्या जणी स्कार्फ सोडतात.

५. आक्षेप

पहिला आणि सर्वांत वजनदार: टाळू वाचवण्याच्या नादात गाठीला डोस कमी पडला तर? पडता कामा नये, यावर वाद नाही. गाठ, तिच्याभोवतीची सुरक्षित कड, डोळे, देठ यांच्या नंतरच टाळूचा क्रमांक लागावा. पण हा क्रम लावूनही प्लॅनमध्ये मोकळीक उरते. एकाच गाठीवर तितकाच डोस देणारे अनेक प्लॅन निघू शकतात, आणि त्यांत टाळूचा भार सारखा नसतो. याला आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २०१२ या काळात कमी आक्रमक गाठी असलेल्या, ३ ते २५ वर्षांच्या २०० मुलांना आणि तरुणांना दोन गटांत विभागलं. डोस दोघांना तोच, ५४ ग्रे. एका गटाला नेहमीच्या पद्धतीनं, दुसऱ्याला गाठीच्या आकाराबरहुकूम काटेकोर बेतलेला. पाच वर्षांनी दुसऱ्या गटाची बुद्धी आणि हार्मोन्स जास्त शाबूत होते. जगण्या-वाचण्यात लक्षणीय फरक नव्हता. जीव की दर्जा, ही निवड खोटी असू शकते, हे मुंबईतच सिद्ध झालेलं आहे. २०२० मध्ये स्मरणशक्ती सांभाळणारा मेंदूचा हिप्पोकॅम्पस हा भाग वगळून पूर्ण मेंदूला शेक देण्याच्या अभ्यासानंही तीच दिशा दाखवली. स्मरणशक्ती वाचवायला निघालेल्या डॉक्टरला 'जीव वाचतोय ना, मग आठवणींचं काय?' असं कुणी विचारलं नाही.

दुसरा: टाळू वगळून खरंच फायदा होतो का? इथे प्रामाणिक राहायला हवं. बेल्जियममधल्या गेन्टला पूर्ण मेंदूचा शेक देताना व्हीमॅटनं केसांची मुळं वाचवायचा प्रयत्न झाला. मुळांचा डोस कमी झाला, केस तरीही गेले. कारण उघड आहे: एका वेळच्या ३ ग्रेनंसुद्धा तात्पुरते केस जाऊ शकतात, इतकी ही मुळं हळवी. तेव्हा केस गळूच नयेत हे ध्येय बहुतेकांसाठी फोल आहे. ते कायमचे जाऊ नयेत, हे ध्येय फोल नाही. ४५ ग्रेचा भाग ३० वर आणता आला, तर चट्टा कायमचा राहणार की भरून येणार, हे त्यावर ठरू शकतं. केमोच्या वेळी वापरतात ती थंड टोपी इथे कामाची नाही, हेही याच ओघात सांगून टाकू.

तिसरा: एवढं सगळं आधी सांगितलं तर रुग्ण घाबरून उपचारच सोडेल. ज्याला गाठीचं नाव, ऑपरेशनचा धोका आणि आयुष्याचे महिने सांगता येतात, तो केसांच्या बातमीनं पळून जाईल, हे मला पटत नाही. माणूस सोडून जातो तो विश्वास उडाल्यावर. 'येतात परत' ऐकून वर्षभर वाट पाहिलेल्याचा विश्वास कशावर राहील?

चौथा आक्षेप थोडा टोचणारा आहे: हे चोचले पैसेवाल्यांचे, गर्दीनं वाकलेल्या दवाखान्यात टाळूचा आलेख कोण काढणार? पण उलट बघा. कोबाल्टचं यंत्र अजून लहान गावांत आणि धर्मादाय दवाखान्यांत काम करतं, आणि भाभा अणुसंशोधन केंद्रानं घडवलेलं भाभाट्रॉन त्याच गरजेतून आलं. ते गरिबाच्या हाताशी असलेलं यंत्र आहे आणि त्याबद्दल कृतज्ञताच हवी. पण डोस नेमका मुळांच्या खोलीवर टाकणारंही तेच. म्हणजे केस कायमचे जाण्याचा धोका ज्याला जास्त, त्यालाच विग सर्वांत कमी परवडतो, आणि त्याचंच काम उन्हात, बाजारात, लोकांसमोर. केसांची फिकीर हा श्रीमंती छंद आहे, हे म्हणणं त्याच्या बाबतीत नेमकं उलटं पडतं.

६. मग करायचं काय

फार मोठं काही नाही. संमतिपत्रावर 'केस जाऊ शकतात' या छापील ओळीऐवजी तीन गोष्टी: कुठले जातील, परत येण्याची शक्यता किती, आणि साधारण केव्हा. डोक्याचं एक साधं रेखाचित्र काढून त्यावर भाग रंगवला तरी पुरे. मुखवट्याआधी केस कापायची सूचना. प्लॅनमध्ये टाळू आखायची, निदान जिथे गाठ कवटीलगत आहे आणि रुग्ण तरुण आहे तिथे. रुबी हॉल किंवा इनलॅक्स-बुधराणीसारख्या, सोलापूर-नगरपासूनचे रुग्ण घेणाऱ्या पुण्याच्या केंद्रांना यासाठी नवं यंत्र विकत घ्यावं लागणार नाही.

घरच्यांसाठीही एक गोष्ट. शेक चालू असताना माक्याचं तेल, जास्वंद, कांद्याचा रस डोक्यावर चोळायचा आग्रह प्रेमाचा असतो, पण भाजल्यासारख्या झालेल्या त्वचेला तो सोसत नाही. केस उपाशी राहिल्यानं गेलेले नाहीत. मुळाच्या पेशी मोडल्यानं गेलेत. सौम्य शाम्पू, सुती टोपी, उन्हापासून जपणं, बाकी डॉक्टरांना विचारून.

विगच्या बाबतीत मुंबईत 'कोप विथ कॅन्सर' ही संस्था दान मिळालेल्या केसांचे विग रुग्णांना देते, पण दानावर किती दिवस भागवायचं? फ्रान्समध्ये २०१९ पासून ठराविक किमतीपर्यंतच्या विगचा पूर्ण खर्च आरोग्य विमा उचलतो. आपल्या राज्यात किरणोपचाराची पॅकेजं देणाऱ्या योजनेला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव आहे. केशवपनाविरुद्ध पुढाकार घेणारे लोखंडे त्यांचेच सहकारी. त्या पॅकेजात एका साध्या विगची तरतूद मागायला या राज्यात कुणाला संकोच वाटू नये.

आणि उपचारानंतर. पहिला एमआरआय झाला की सगळे फिल्मकडे बघतात, आणि ते बरोबरच आहे. पण सहा महिन्यांनीही चट्टा तसाच असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे एक चिठ्ठी जायला हवी. ३६ ग्रेचा आकडा देणाऱ्या २०२० च्या ज्या अभ्यासाचा उल्लेख वर केला, त्यात ५ टक्के मिनॉक्सिडिल लावलेल्या ३४ पैकी २८ रुग्णांना थोडाफार तरी फायदा दिसला. तुलनेसाठी औषध न लावलेला गट त्यात नव्हता, तेव्हा फार उड्या मारायला नकोत. तरी हे औषध आता कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतं आणि सीटीच्या मानानं नगण्य किमतीचं आहे. ऑपरेशनच्या खुणेवर ते केव्हापासून लावायचं, लावावं की नाही, हे तज्ज्ञानं ठरवायचं. त्यासाठी रुग्णानं मनातल्या मनात खजील न होता विचारलं पाहिजे, आणि विचारल्यावर कुणी त्याला पगडीच्या म्हणी ऐकवता कामा नयेत.